हात बांधायचे नाहीत

आमच्या पिशवीत दोन चादरी असतात. गडद मरून रंगाच्या, धुऊन धुऊन मऊ झालेल्या. नवीन कुणी बघितलं की विचारतं, पांढऱ्या का नाहीत, दवाखान्यात तर पांढऱ्याच असतात. मी सांगते, पांढऱ्यावर डाग दिसतात. एवढंच सांगते. खरं कारण असं की काही आजारांत, घशाच्या कॅन्सरमध्ये तर जास्तच, शेवटी एखादी रक्तवाहिनी फुटते. पांढऱ्या कपड्यावर वाटीभर रक्त बादलीभर दिसतं. ते बघून घरातलं माणूस जे घाबरतं, ते मग घाबरलेलंच राहतं. मरून कपड्यावर रक्त नुसतं ओलं दिसतं.

हे मला अनुराधा सिस्टरनी शिकवलं. सिस्टर म्हणजे आमच्या पथकातल्या नर्स. मुरूडकडच्या बाजूला आमची खोली आहे, एक जीप आहे, आठवड्यातून येणाऱ्या डॉक्टर मॅडम आहेत, सिस्टर आहेत आणि मी. मी म्हणजे अंघोळ घालणं, जखम धुणं, तोंड साफ करणं, कूस बदलणं आणि बसणं. बसणं हे पण काम आहे, ते मला इथं आल्यावर कळलं.

मी मूळची इथली नाही. गोंदिया जिल्ह्यातल्या ढिवराची लेक. आमच्याकडे मासेमारी तलावातली. सातवीनंतर शाळा सुटली, कारण पुढची शाळा जंगलापलीकडं होती आणि माझ्या पाठीवर बहिणी होत्या. नवरा बंदरावर वॉचमन लागला, त्याच्यामागं इथं आले. आधी कोळंबी सोलायला जात होते, मग एका दवाखान्यात मावशी म्हणून लागले. तिथून सिस्टरनी मला उचललं. मला अजूनही रोज जीपमध्ये चढताना वाटतं की आज कुणीतरी म्हणेल, बाई, तुला घेण्यात काहीतरी चूक झाली होती, उतर खाली. अजून कुणी म्हटलेलं नाही. त्यासाठी मी कुणाकुणाचे आभार मानते, ते सांगत बसले तर हा अंक पुरायचा नाही.

आमचं काम बरं करायचं नाही. बरं होण्याच्या पलीकडं गेलेल्या माणसाचं दुखणं, धाप, उलटी, भीती कमी करायची. सरकारी कागदावर याला परिहारक सेवा म्हणतात. लोक आम्हाला कॅन्सरवाल्या बायका म्हणतात आणि जीप दारात लावू देत नाहीत. देवळाजवळ लावा, आम्ही चालत नेतो तुम्हाला, म्हणतात. एकदा एका गावात टायर पंक्चर झालं आणि गाडी भलत्याच घरासमोर उभी राहिली. आतले आजोबा काठी टेकत बाहेर आले आणि म्हणाले, मी ठीक आहे, काल भाकरी खाल्ली, पुढं जा. ड्रायव्हरनं किती सांगितलं तरी टायर बदलून होईपर्यंत ते दारातून हलले नाहीत.

औषधं देणं हे अर्धं काम. दुसरं अर्धं म्हणजे विचारणं. माणूस शुद्धीत आहे, बोलता येतंय, तेव्हाच विचारून ठेवायचं: तुम्हाला आजाराबद्दल किती ऐकायचं आहे? कशाची भीती वाटते? आणखी खालावलात तर कुठं राहायचं आहे? काय केलेलं चालेल, काय चालणार नाही? आणि तुम्हाला सांगता येईनासं झालं तर तुमच्या वतीनं कोण बोलेल? कायद्यात पण आता याची सोय आहे. दोन साक्षीदारांसमोर लिहून द्यायचं, नोटरीसमोर पक्कं करायचं. पण सिस्टर म्हणतात, लिहिणं सगळ्यात शेवटी. आधी घरात बोलणं झालं पाहिजे, आणि ज्यांना ते पाळायचं आहे त्यांनी कानानं ऐकलं पाहिजे.

तेच अवघड. घरातले दारातच अडवून सांगतात, त्यांना काही सांगू नका, ते खचतील. आत गेलं की पेशंट खुणेनं जवळ बोलावतो आणि म्हणतो, पोरांना काही बोलू नका, त्यांना वाटतंय मला माहीत नाही.

उत्तरंही आपण समजतो तशी नसतात. किहीमला नारळाच्या वाडीतल्या एका आजींना सिस्टरनी विचारलं होतं, दवाखान्यात का नको? आम्हाला वाटलं सुया, नळ्या सांगतील. त्या म्हणाल्या, तिथं बांगड्या काढायला लावतात आणि चहात साखर घालत नाहीत. त्या घरीच गेल्या, बांगड्यांसकट. शेवटचा चहा चमच्यानं मी पाजला, गोडमिट्ट. आणि एक निवृत्त हेडक्लार्क होते. त्यांनी सगळं इतकं व्यवस्थित सांगितलं, आमच्या मजकुरातल्या चुका लाल पेनानं दुरुस्त करून दिल्या. दवाखाना नको म्हणजे नको. आणि धाप लागली त्या सकाळी सिस्टरचं मनगट धरून म्हणाले, मला आत्ता मुंबईला न्या. नेलं. सिस्टरनी एका शब्दानं आठवण करून दिली नाही. गाडीत मला म्हणाल्या, सांगितलेलं त्यांचंच होतं, मोडायचा हक्कही त्यांचाच. हे हेडक्लार्क पुढं माझ्या डोक्यातून जाईनात, त्याला कारण हिराजी नाना.

नानांचं घर दिघीच्या बाजूला, खाडीच्या तोंडावरच्या कोळीवाड्यात. आम्ही आगरदांड्याहून जीप फेरीबोटीवर चढवून पलीकडं जायचो. नाना तांडेल, म्हणजे बोटीवर ज्याचा हुकूम चालतो तो. घशाचा कॅन्सर. मुंबईत किरणांचे शेक घेऊन झाले होते, पुढं करण्यासारखं काही राहिलं नाही म्हणून आमच्याकडं पाठवलेलं. आवाज म्हणजे दगडावर बोट घासल्यासारखा. घरात मुलगा काशिनाथ, जो लहानपणापासून बापाच्या बोटीवर खलाशी होता, आणि त्याची बायको सुनंदा. पलीकडच्या घरात नानांची विधवा बहीण, हौसाआत्या.

पहिल्या दिवशी मी माझ्या सवयीनं विचारलं, जेवण काऊन नाही केलं? आमच्याकडं 'का' ला 'काऊन' म्हणतात. सुनंदाला इतकं हसू आलं की तेव्हापासून मी त्या घरात काऊनताई झाले. मी तलावातले मासे खाऊन वाढले हे कळल्यावर तर नानांनी मला सोडलंच नाही. डबक्यातली मासली ती मासली काय, म्हणायचे. घास गिळताना डोळ्यांत पाणी यायचं, पण मला टोचायला श्वास शिल्लक ठेवायचे.

वैशाखात सिस्टरनी विषय काढला. दुपारची वेळ, घराच्या ओट्यावर काशिनाथ जाळं शिवत होता, सुनंदा दारात, मी नानांच्या पायाला तेल लावत होते. सिस्टर विचारतात तेव्हा आवाज खाली आणत नाहीत. बाजारातून काय आणू, असं विचारावं तसं विचारतात. मला ते जमत नाही.

 नानांनी आधी त्यांच्या जोडीदाराचं सांगितलं. दोघं एका वयाचे, एका बोटीवरचे. त्याला मुंबईच्या मोठ्या दवाखान्यात मशिनीवर ठेवलं होतं, नाना भेटायला गेले. काचेच्या बाहेरून दिसलं की त्याचे दोन्ही हात पट्टीनं पलंगाला बांधलेत. तिथल्या लोकांचा दोष नाही, हे मी पण पाहिलंय. माणूस गुंगीत नळी ओढून काढतो, म्हणून बांधतात. पण नानांना दिसलं ते वेगळंच. बोटीवर इंजिनचा आवाज एवढा की बोललेलं ऐकू येत नाही. तांडेल सगळे हुकूम हातानं देतो. जाळं टाक, ओढ, थांब, दोर सोड, सगळं हातानं. चाळीस हात लांबून कळतं, नुसती बोटं हलली तरी.

"त्याची बोटां हालत व्हती," नाना म्हणाले. "तो मना काय तरी सांगत व्हता. हात बांधलेलं. मना कलला नाय."

मग त्यांनी एकेक सांगितलं. मुंबईला न्यायचं नाही. नळी घालायची नाही. याच ओट्यावर ठेवायचं. दुखलं तर औषध हवं, ते मात्र कमी करायचं नाही. आणि शेवटी, "हात बांधायचं नाय माजं."

तेवढ्यात हौसाआत्या आली. तिनं अर्धं ऐकलं आणि आमच्यावर घसरली. जित्या माणसासमोर मरणाच्या गोष्टी कसल्या करता, उद्या येताना लाकडं पण घेऊन या म्हणावं. मी तेलाच्या वाटीत बघत राहिले. नानांनी तिला गप्प केलं.

"हौशे, बोट भायेर काडायच्या आदी मी वारा बगतो. तवा तू नाय रडत."

तुमच्या वतीनं कोण बोलेल, या प्रश्नाला त्यांनी विचार केला नाही. काशिनाथकडं हनुवटी केली. याला माझा हात कळतो, म्हणाले. काशिनाथनं जाळ्यातून मान वर काढली नाही. सिस्टरनी त्याला दोनदा विचारलं, दादा, त्या वेळी जमेल का, नसेल जमणार तर आत्ता सांगितलं तरी चालतं, राग नाही. तो म्हणाला, बापाचा शब्द आहे, जमवायलाच लागेल. पुढच्या खेपेला साक्षीदार आले, नोटरी झाली. पण माझ्या मते त्या दुपारीच सगळं झालं होतं.

आषाढात मासेमारी बंद असते. बोटी वर ओढून झाकून ठेवलेल्या, वाड्यातले सगळे पुरुष घरी. नानांचा आवाज तोवर पूर्ण गेला होता. काशिनाथशी ते हातानंच बोलायचे. पाणी, उशी वर, पंखा बंद, सगळं बोटीच्या खुणांनी, आणि काशिनाथ विचारायच्या आधी उठायचा. एकदा माझ्याकडं बघून त्यांनी अंगठा आणि करंगळी हलवली आणि दोघं बापलेक हसले. काय म्हणाले विचारलं तर सुनंदा म्हणाली, डबक्यातली मासली. एवढी खूण बोटीवर कशाला लागते, मला अजून माहीत नाही.

सिस्टरनी घरच्यांना रक्ताचंही सांगून ठेवलं होतं. मरून चादरी देऊन ठेवल्या होत्या, गालाच्या आत सोडायचं झोपेचं औषध भरून ठेवलं होतं. झालं तर कुशीवर वळवा, चादर लावा, औषध सोडा, हात धरून बसा, आम्हाला फोन करा. सुनंदाकडून मी ते इतक्या वेळा म्हणवून घेतलं की ती चिडून म्हणाली, काऊनताई, मला पोरांच्या पाढ्यांसारखं पाठ झालं.

फोन आला तेव्हा आम्ही फेरीबोटीवरच होतो. नेहमीच्या खेपेला निघालेलो, सकाळचीच वेळ. वारा मोठा होता, बोट सुटायला उशीर झालेला. सुनंदाचा आवाज आधी कळेना. मग कळलं. सिस्टर एका हातानं कठडा धरून फोनवर सांगत होत्या, वळवलंत? चादर? औषध गेलं का आत? हळू, घाई नाही. मी समोरचा किनारा बघत होते. तो जवळ येत नव्हता. मी घाबरट बाई आहे, पण त्या दिवशीची भीती वेगळी होती. रक्ताची नव्हती. आता तिथं काय चाललं असेल, ही होती.

पोचलो तर अंगण माणसांनी भरलेलं. शेजाऱ्याच्या टेम्पोचं इंजिन चालू. हौसाआत्या छाती बडवत होती, माझ्या भावाला घरात मारतायत म्हणून. पुरुष काशिनाथला म्हणत होते, अरे उचल, बघत काय बसलास. सुनंदा ओट्याच्या पायरीशी हात आडवा लावून उभी होती आणि तिला बाया काय काय बोलत होत्या. ओट्यावर काशिनाथनं बापाला अर्धं उचललेलं. चादर ओली. नाना जागे होते. औषधानं डोळे जड झाले होते, पण जागे.

काशिनाथ सिस्टरवर ओरडला. म्हणाला, तेव्हा बोललो ते बोललो, आता बघा काय चाललंय.

मला वाटलं सिस्टर त्याला ते साक्षीदार, ती नोटरी ऐकवतील. त्यांनी नाही ऐकवलं. त्या खाली बसल्या, नानांच्या मनगटावर बोटं ठेवली आणि म्हणाल्या, "नेऊया. तुम्ही म्हणाल तर आत्ता नेऊ, मी बसते गाडीत. फक्त नाना काय म्हणाले होते ते मला एकदा सांगा."

 मी दुसरी चादर काढायला पाठ फिरवली. पिशवीची चेन अडकली होती, ती ओढत होते. मागून काशिनाथचा आवाज आला, अगदी साधा: "टेम्पो बंद कर रे."

वळून बघितलं तर त्यानं बापाला परत खाली ठेवलं होतं आणि डोकं मांडीवर घेतलं होतं. मी दुसरी चादर लावली. तोंड पुसत राहिले. सिस्टरनी आणखी औषध दिलं. नानांचा उजवा हात काशिनाथच्या हातात होता, डावा मोकळा, चादरीवर. खाडीला भरती लागत होती तेव्हा ते गेले. अंगणातले लोक तोवर गप्प झाले होते, पण ते गप्प होणं चांगलं नव्हतं.

दिवसकार्य झाल्यावर आम्ही परत जातो. ते पण कामात येतं, मागं राहिलेल्यांना भेटणं. हौसाआत्यानं आम्हाला बघून तिचं दार लावून घेतलं. सुनंदानं चहा केला. ती म्हणाली, वाड्यात बोलतात, पोरानं बापाला नेलं नाही. तोंडावर नाही, नळावर. काशिनाथ आमच्याशी बोललाच नाही. निघताना मात्र जीपपर्यंत माझ्यामागं आला.

नानांनी हात केला होता, म्हणाला. दोर सोड, अशी खूण. मी उचलताना हात वर आला आणि खूण केली, म्हणून मी ठेवलं. तुम्ही बघितलात ना?

मी बघितलं नव्हतं. मी चेन ओढत होते. सुनंदा पायरीशी होती, ओट्याकडं तिची पाठ. सिस्टरना त्यानं आधीच फोनवर विचारलं होतं. त्या नाडी बघत होत्या, दुसऱ्या हाताची. अंगणातल्या कुणाला विचारायची सोय नव्हती. एवढ्या माणसांत तो हात एकट्या काशिनाथनं बघितला होता, आणि आता त्याला स्वतःचीच खात्री राहिली नव्हती. कापला असेल, म्हणाला. नुसताच कापला असेल आणि मला खूण वाटली असेल.

हो म्हणणं किती सोपं होतं. माझ्या ओठावर आलं होतं. पण ज्या कामात आम्ही लोकांना म्हणतो की खरं ते विचारा आणि खरं ते सांगा, त्यात मला ते बोलवेना. मी म्हटलं, दादा, हात मी नाही बघितला. पण ओट्यावर बोलले ते माझ्या कानांनी ऐकलंय. म्हणून तर आधी विचारून ठेवतात, त्या वेळी कुणाला हाताकडं बघायची पाळी येऊ नये म्हणून.

त्यानं मान हलवली. "ती बोलनी वैशाखातली, ताई. तवा जीव धड व्हता. रगत येताना मानूस बदलत नसल काय?"

मला हेडक्लार्क आठवले. त्यांचा हात, सिस्टरच्या मनगटावरचा.  जीपमध्ये बसल्यावर सिस्टरना विचारलं, माणूस त्या वेळी बदलतो का. त्या म्हणाल्या, बदलतो. म्हणूनच मी त्याला नेऊया म्हटलं.

माझा बाप नागपूरच्या दवाखान्यात गेला. त्याला कुणी काही विचारलं नव्हतं, आणि मी पोचले तेव्हा विचारण्यासारखं उरलं नव्हतं. त्याचे हात बांधले होते की मोकळे होते हे सुद्धा मला माहीत नाही. काशिनाथकडं निदान एक हात आहे, खरा की खोटा ते ठरवायला. हे त्याला सांगण्यासारखं नव्हतं.

त्यानंतर तो भेटायचा तेव्हा तेच विचारायचा, शब्द बदलून. तुम्ही चेन ओढत होतात, पण नजर जरा इकडं गेली असेल ना? मी नाही म्हणायचे. मग आम्ही सुनंदाच्या तब्येतीबद्दल बोलायचो.

नारळी पुनव होऊन गेल्यावर बोटी पाण्यात उतरल्या. दिघीच्या जेट्टीवर मी परतीच्या फेरीची वाट बघत उभी होते, दिवस मावळायला अवकाश होता. काशिनाथची बोट धक्क्याला लागलेली, इंजिन धडधडत होतं, बर्फ भरून झालेला. तो आता तांडेल. खलाशी बोटीवर, तो एकटा धक्क्यावर, डिझेलवाल्याशी काहीतरी मिटवत होता. मला बघून आला. इंजिनच्या आवाजात दोघांना एकमेकांचं काही ऐकू येत नव्हतं. तो काहीतरी बोलला, मी कानाला हात लावला. परत बोलला. मग मला कळलं काय विचारतोय. मी ओरडून म्हटलं, दादा, मला ती खूणच माहीत नाही, दिसली असती तरी कळली नसती.

तो थांबला. हे त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं. मग त्यानं उजवा हात छातीपर्यंत उचलला, तळवा बाहेर, आणि मनगटातून दोनदा झटकला. अशी, म्हणाला असावा. मोठी नव्हती खूण. माशी हाकलावी एवढीच.

मागं धपकन आवाज झाला. बोटीवरच्या खलाशानं त्याचा हात बघून दोर सोडला होता. धक्का आणि बोट यांच्यामध्ये पाणी रुंद होत चाललं, आणि बोटीवरचे सगळे आपापल्या जागी, कुणी वळूनसुद्धा बघितलं नाही की तांडेल अजून धक्क्यावरच आहे.

काशिनाथ त्या रुंद होणाऱ्या पाण्याकडं बघत राहिला. ओरडला नाही, थांबा म्हणून दुसरा हात केला नाही. मग माझ्या कानाजवळ वाकून म्हणाला, "बगितलात? हात दिसला का कोन इचारत नाय."

एवढं बोलून तो उतारावरून पळत गेला आणि कुणाच्या तरी होडीत उडी मारली. बोट पुढं जाऊन थांबली होती. त्याला वर घेताना खलाशी त्याला हसत होते, तोही हसला असेल, एवढ्या लांबून मला दिसलं नाही. परत कधी त्यानं मला विचारलेलं नाही.